वस्तू व सेवा कर: पक्षीय संघर्ष आणि तडजोड

वस्तू व सेवा कर, म्हणजेच प्रचलित भाषेतील जीएसटी, हा भारतात १ जुलै २०१७ पासून लागू झालेला अप्रत्यक्ष कर आहे. त्यासाठी संसदेने १०१ वी घटनादुरुस्ती केली. या कराचा संकल्प २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाला होता आणि अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०१० ही तारीख ठरली होती. प्रत्यक्षात तो सव्वासात वर्षे उशिरा आला. या काळात देशातील दोन्ही प्रमुख राष्ट्रीय पक्षांनी सत्तेत असताना या कराचा पुरस्कार केला आणि विरोधात असताना त्याची वाट अडवली. असे असूनही अखेरीस घटनादुरुस्ती विधेयक दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत न पडता संमत झाले. त्यामुळे देशांतर्गत धोरणाच्या प्रश्नावर पक्षीय संघर्ष कसा निर्माण होतो, तडजोड कशी घडते आणि तिची किंमत काय असते, याच्या अभ्यासासाठी हे प्रकरण महत्त्वाचे मानले जाते.

पार्श्वभूमी

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने कर आकारण्याचे अधिकार केंद्र आणि राज्ये यांच्यात वाटून दिले होते. वस्तूंच्या उत्पादनावर केंद्र उत्पादन शुल्क घेत असे, तर राज्यातील विक्रीवर राज्य विक्री कर घेत असे. सेवांवरील कर १९९४ पासून केंद्र आकारू लागले. आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्री कर होता, पण त्याचे उत्पन्न माल पाठवणाऱ्या राज्याकडे राहत असे. याशिवाय प्रवेश कर, करमणूक कर, ऐषाराम कर आणि काही शहरांत जकात असे अनेक कर होते.

या रचनेतील मुख्य दोष करावर कर बसण्याचा होता. उदाहरणार्थ, कारखान्यातून १०० रुपयांची वस्तू बाहेर पडताना तिच्यावर १२.५ टक्के उत्पादन शुल्क लागले, तर तिची किंमत ११२.५० रुपये होई. त्यावर राज्याचा १२.५ टक्के मूल्यवर्धित कर आकारला, तर तो १४.०६ रुपये येई. यातील १.५६ रुपये वस्तूच्या मूल्यावर नसून आधी भरलेल्या करावरचा कर असे. वस्तू जितक्या अधिक टप्प्यांतून जाई, तितका हा बोजा वाढे आणि तो अखेर ग्राहकावरच पडे.

हा दोष दूर करायचा, तर केंद्र व राज्य या दोघांनाही वस्तू आणि सेवा दोहोंवर कर घेण्याचा अधिकार द्यावा लागणार होता आणि दोघांनाही आपली स्वतंत्र करसत्ता काही प्रमाणात सोडावी लागणार होती. यासाठी घटनादुरुस्ती अपरिहार्य होती. घटनेच्या अनुच्छेद ३६८ नुसार अशा दुरुस्तीस प्रत्येक सभागृहात उपस्थित व मतदान करणाऱ्या सदस्यांच्या दोनतृतीयांश, तसेच एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मतांची आणि शिवाय किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांच्या अनुसमर्थनाची गरज असते. म्हणजेच हा प्रश्न कोणत्याही एका पक्षाला केवळ स्वतःच्या बळावर सोडवता येण्यासारखा नव्हता.

मूल्यवर्धित कराचा पूर्वानुभव

वस्तू व सेवा कराच्या आधी राज्यांनी विक्री कराच्या जागी मूल्यवर्धित कर आणला. त्याची आखणी करण्यासाठी अटलबिहारी वाजपेयी सरकारने २००० मध्ये राज्यांच्या अर्थमंत्र्यांची अधिकारप्राप्त समिती नेमली. तिचे अध्यक्षपद पश्चिम बंगालचे तत्कालीन अर्थमंत्री, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे असीम दासगुप्ता यांच्याकडे देण्यात आले. भारतीय जनता पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारने स्थापलेली आणि डाव्या पक्षाच्या मंत्र्याकडे सोपवलेली ही समिती पुढे काँग्रेसच्या नेतृत्वाखालील सरकारनेही कायम ठेवली.

मूल्यवर्धित कर १ एप्रिल २००५ रोजी बहुतेक राज्यांत सुरू झाला. महसूल घटल्यास राज्यांना पहिल्या वर्षी तुटीच्या १०० टक्के, दुसऱ्या वर्षी ७५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी ५० टक्के भरपाई देण्याचे केंद्राने मान्य केले होते. तरीही भाजपशासित राज्यांनी, तसेच तमिळनाडू व उत्तर प्रदेश यांनी सुरुवातीला हा कर स्वीकारला नाही. व्यापाऱ्यांचा विरोध हे त्यामागील एक कारण होते. इतर राज्यांचा महसूल वाढत असल्याचे दिसू लागल्यावर ही राज्येही क्रमाने सामील झाली. उत्तर प्रदेशाने सर्वांत शेवटी, जानेवारी २००८ मध्ये हा कर लागू केला. राज्यांच्या मंत्र्यांनी पक्षाच्या पलीकडे जाऊन एकत्र वाटाघाटी करण्याची पद्धत आणि महसुली तुटीची भरपाई, या दोन गोष्टी या अनुभवातून पुढील सुधारणेला मिळाल्या.

पहिला प्रयत्न (२००६–२०१४)

अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील कार्यदलाने २००४ मध्ये देशभर एकात्मिक वस्तू व सेवा कर आणण्याची शिफारस केली. तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी २८ फेब्रुवारी २००६ रोजी हे उद्दिष्ट अर्थसंकल्पात मांडले. नोव्हेंबर २००९ मध्ये अधिकारप्राप्त समितीने पहिला चर्चापत्र-मसुदा प्रसिद्ध केला. केळकर यांच्याच अध्यक्षतेखालील तेराव्या वित्त आयोगाने हा विषय केंद्र व राज्ये यांच्यातील एक ‘महाकरार’ म्हणून मांडला आणि राज्यांसाठी ५०,००० कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली.

अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी २२ मार्च २०११ रोजी ११५ वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले. ते अर्थविषयक स्थायी समितीकडे गेले. या समितीचे अध्यक्ष भाजपचे यशवंत सिन्हा होते. समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये अहवाल दिला. तोपर्यंत लोकसभेची मुदत संपत आली होती. २०१४ मध्ये पंधरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले.

या काळात सर्वांत ठाम विरोध गुजरात आणि मध्य प्रदेश या भाजपशासित राज्यांनी केला. त्या वेळी गुजरातचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी होते. नव्या करामुळे राज्याची आर्थिक स्वायत्तता कमी होईल आणि उत्पादक राज्याचा महसूल बुडेल, असे या राज्यांचे म्हणणे होते.

विरोधाची कारणे

या विरोधाकडे केवळ पक्षीय अडवणूक म्हणून पाहिले जाते, परंतु त्यामागे तीन वेगवेगळ्या प्रकारची कारणे होती.

पहिले कारण आर्थिक होते. वस्तू व सेवा कर उपभोगाच्या ठिकाणी जमा होतो. माल जेथे तयार होतो त्या राज्याला नव्हे, तर जेथे वापरला जातो त्या राज्याला त्याचा महसूल मिळतो. त्यामुळे महाराष्ट्र, गुजरात व तमिळनाडू यांसारख्या उत्पादक राज्यांना केंद्रीय विक्री कराचे उत्पन्न गमवावे लागणार होते, तर बिहार, पश्चिम बंगाल व केरळ यांसारख्या राज्यांना लाभाची अपेक्षा होती. ही विभागणी पक्षांच्या सीमारेषेशी जुळणारी नव्हती. बिहारचे भाजप नेते सुशीलकुमार मोदी २०११ ते २०१३ या काळात अधिकारप्राप्त समितीचे अध्यक्ष होते आणि या कराच्या बाजूने काम करीत होते, तर त्यांच्याच पक्षाचे गुजरात सरकार त्याला विरोध करीत होते.

दुसरे कारण अविश्वासाचे होते. नव्या कराची पूर्वतयारी म्हणून केंद्रीय विक्री कराचा दर २००७ मध्ये चार टक्क्यांवरून तीन टक्के आणि २००८ मध्ये दोन टक्के करण्यात आला. त्यातून होणाऱ्या तुटीची भरपाई देण्याचे केंद्राने मान्य केले होते. मात्र ही भरपाई किती वर्षे व किती प्रमाणात द्यायची यावर वाद झाला आणि राज्यांची देणी थकली. परिणामी, भरपाईचे नवे आश्वासन कायद्यात स्पष्टपणे लिहिले जात नाही तोवर त्यावर विसंबून राहण्यास राज्ये तयार नव्हती.

तिसरे कारण निव्वळ पक्षीय होते. एवढ्या मोठ्या सुधारणेचे श्रेय सत्ताधारी पक्षाला मिळू न देण्यात विरोधी पक्षाचे हित होते. हे कारण उघडपणे मांडले जात नसे. पण पहिल्या दोन कारणांमध्ये बदल झाला नसतानाही पक्षांच्या भूमिका २०१४ नंतर उलट झाल्या, यावरून त्याचे बळ लक्षात येते.

दुसरा प्रयत्न आणि कोंडी (२०१४–२०१६)

केंद्रात सत्तांतर झाल्यानंतर अर्थमंत्री अरुण जेटली यांनी १९ डिसेंबर २०१४ रोजी १२२ वे घटनादुरुस्ती विधेयक मांडले. लोकसभेने ६ मे २०१५ रोजी ते ३५२ विरुद्ध ३७ मतांनी संमत केले. काँग्रेसने सभात्याग केला. राज्यसभेत मात्र सत्ताधारी आघाडीला बहुमत नव्हते आणि काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष होता. तेथे विधेयक प्रवर समितीकडे सोपवण्यात आले. समितीने २२ जुलै २०१५ रोजी अहवाल सादर केला.

काँग्रेसने तीन मागण्या पुढे केल्या. उत्पादक राज्यांसाठी प्रस्तावित केलेला एक टक्का अतिरिक्त कर रद्द करावा, कराच्या दराची १८ टक्के ही कमाल मर्यादा घटनेतच नमूद करावी आणि वाद सोडवण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा असावी, अशा त्या मागण्या होत्या. स्वतंत्र वादनिवारण प्राधिकरणाची तरतूद २०११ च्या विधेयकात होती. स्थायी समितीच्या शिफारशीनंतर ती २०१४ च्या विधेयकातून वगळण्यात आली होती.

मतभेदांचे मुद्दे असे मोजके असले, तरी २०१५ ची पावसाळी व हिवाळी अधिवेशने निष्फळ ठरली. राज्यसभेचे कामकाज ललित मोदी प्रकरण, व्यापम प्रकरण आणि नंतर नॅशनल हेराल्ड प्रकरण यांवरून वारंवार ठप्प झाले. विधेयकाचे भवितव्य त्याच्याशी थेट संबंध नसलेल्या वादांशी जोडले गेले. काँग्रेस विकासाच्या आड येत असल्याचा आरोप सरकारने केला; याच कराला भाजपने अनेक वर्षे अडवून धरले होते, याची आठवण काँग्रेसने करून दिली.

कोंडी फुटण्यास तीन घडामोडी कारणीभूत ठरल्या. पंतप्रधान मोदी यांनी २७ नोव्हेंबर २०१५ रोजी सोनिया गांधी व मनमोहन सिंग यांच्याशी या विषयावर प्रत्यक्ष चर्चा केली. डिसेंबर २०१५ मध्ये मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांच्या समितीने एक टक्का अतिरिक्त कर रद्द करण्याची शिफारस केली, सर्वसाधारण दर १७ ते १८ टक्के असावा असे सुचवले, पण दर घटनेत लिहिण्यास विरोध केला. या अहवालामुळे दोन्ही बाजूंना माघार न वाटता भूमिका बदलण्याची संधी मिळाली. तिसरी घडामोड म्हणजे जनता दल (संयुक्त), तृणमूल काँग्रेस, बिजू जनता दल अशा प्रादेशिक पक्षांचा पाठिंबा. त्यांतील काहींचा केंद्र सरकारला राजकीय विरोध असूनही त्यांच्या राज्यांना या कराचा लाभ होणार होता. जून २०१६ मध्ये कोलकात्यात पश्चिम बंगालचे अर्थमंत्री अमित मित्रा यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या अधिकारप्राप्त समितीच्या बैठकीत तमिळनाडू वगळता जवळजवळ सर्व राज्यांनी तत्त्वतः अनुकूलता दर्शवली.

राज्यसभेने ३ ऑगस्ट २०१६ रोजी सुधारित विधेयक २०३ विरुद्ध शून्य मतांनी संमत केले. अण्णा द्रमुकने विरोधी मतदान न करता सभात्याग केला. लोकसभेने ८ ऑगस्ट रोजी ४४३ विरुद्ध शून्य मतांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. आसामने १२ ऑगस्ट रोजी सर्वप्रथम अनुसमर्थन दिले आणि ८ सप्टेंबर २०१६ रोजी राष्ट्रपतींनी संमती दिली.

तडजोडीची सूत्रे

ही तडजोड दोन टोकांमधील मध्यबिंदू गाठून झाली नाही. प्रत्येक मतभेद वेगळा काढून त्यासाठी स्वतंत्र उपाय योजण्यात आला.

महसुलाची भीती: मूळ विधेयकात संसद पाच वर्षांपर्यंत भरपाई ‘देऊ शकेल’ अशा आशयाची शब्दरचना होती. तिच्याऐवजी पाच वर्षे भरपाई देणे बंधनकारक करण्यात आले. २०१७ च्या भरपाई कायद्यानुसार २०१५–१६ हे आधारवर्ष धरून राज्यांच्या महसुलात दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत धरली गेली. प्रत्यक्ष महसूल त्याहून कमी पडल्यास फरक केंद्राने भरून द्यायचा होता. यासाठी तंबाखू, कोळसा, मोटारी, शीतपेये इत्यादींवर भरपाई उपकर बसवण्यात आला. ही हमी मिळाल्यावर उत्पादक राज्यांना एक टक्का अतिरिक्त कराची गरज उरली नाही आणि तो रद्द झाला. अशा रीतीने काँग्रेसची पहिली मागणी मान्य झाली.

दराची मर्यादा: ही मागणी घटनेत समाविष्ट झाली नाही. दर ठरवण्याचे काम परिषदेकडे गेले. पुढे केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्यात केंद्राच्या हिश्शाची २० टक्के ही मर्यादा आली. राज्याचा तेवढाच हिस्सा धरला तर ती एकूण ४० टक्के होते.

वादनिवारण: वाद सोडवण्याची यंत्रणा परिषदेनेच उभारावी, असे घटनेत नमूद झाले.

प्रशासनावरील ताबा: कोणत्या करदात्यांची तपासणी कोणी करायची, यावर अनेक बैठका झाल्या. जानेवारी २०१७ मध्ये असे ठरले की, दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या करदात्यांपैकी ९० टक्के राज्यांकडे व १० टक्के केंद्राकडे राहतील आणि त्यावरील करदाते निम्मे-निम्मे वाटले जातील.

वस्तू व सेवा कर परिषद

तडजोडीतील सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे अनुच्छेद २७९क नुसार स्थापन झालेली वस्तू व सेवा कर परिषद. केंद्रीय अर्थमंत्री तिचे अध्यक्ष असतात. केंद्रीय अर्थ राज्यमंत्री आणि प्रत्येक राज्याने नामनिर्देशित केलेले मंत्री तिचे सदस्य असतात. २०११ च्या विधेयकात परिषदेचे निर्णय सर्वसहमतीने घेण्याची तरतूद होती. त्यामुळे एकाही राज्याला निर्णय रोखता आला असता. स्थायी समितीने त्याऐवजी भारित मतदानाची पद्धत सुचवली. विरोधी पक्षाच्या सदस्याच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेली ही पद्धत २०१४ च्या विधेयकात स्वीकारली गेली.

या पद्धतीत केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश असते. निर्णयासाठी उपस्थित व मतदान करणाऱ्यांच्या भारित मतांपैकी किमान तीनचतुर्थांश मते लागतात. केंद्राला वगळून सर्व राज्ये एकत्र आली तरी त्यांचे वजन सुमारे ६६.७ टक्केच भरते, त्यामुळे केंद्राशिवाय निर्णय होऊ शकत नाही. दुसरीकडे, परिषद सुरू झाली तेव्हा २९ राज्ये, दिल्ली व पुदुच्चेरी असे ३१ सदस्य असल्याने प्रत्येकाच्या मताचे वजन सुमारे २.१५ टक्के होते. म्हणजे सर्व सदस्य उपस्थित असताना कोणतीही १२ राज्ये एकत्र आल्यास प्रस्ताव रोखू शकत होती. एका बाजूला दुसरीला डावलता येऊ नये, पण एखाद्याच राज्याला सर्वांना अडवताही येऊ नये, अशी ही रचना आहे.

परिषदेची पहिली बैठक सप्टेंबर २०१६ मध्ये झाली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिचे सर्व निर्णय मतदानाविना झाले. पहिले मतदान १८ डिसेंबर २०१९ रोजी, ३८ व्या बैठकीत, लॉटरीवरील कराच्या दरावरून झाले.

महाराष्ट्रातील अंमलबजावणी

केंद्र व राज्य यांच्यातील भरपाईचे सूत्र महाराष्ट्रात राज्य आणि महानगरपालिका यांच्यातही वापरावे लागले. मुंबईत जकात हे बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या उत्पन्नाचे सर्वांत मोठे साधन होते. मुलुंड, दहिसर, मानखुर्द येथील जकात नाक्यांवर मालवाहू वाहनांच्या रांगा लागत. इतर महापालिकांत जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, होता. ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांहून कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले होते. नव्या करात हे दोन्ही कर विलीन होणार असल्याने महापालिकांच्या आर्थिक स्वायत्ततेचा प्रश्न उभा राहिला.

या वेळी राज्यात भाजप व शिवसेना यांचे संयुक्त सरकार होते आणि मुंबई महापालिका शिवसेनेच्या ताब्यात होती. भरपाईची रक्कम सरकारच्या मर्जीवर न ठेवता कायद्याने निश्चित करावी, असा शिवसेनेचा आग्रह होता. राज्यांनी केंद्रापुढे जी मागणी केली होती, तीच येथे महापालिकेच्या वतीने राज्यापुढे आली. मे २०१७ मधील विशेष अधिवेशनात राज्य विधिमंडळाने महाराष्ट्र वस्तू व सेवा कर विधेयकासोबत स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देणारे विधेयकही संमत केले. त्यानुसार दरमहा आगाऊ हप्ता देण्याची तरतूद झाली. मुंबई महापालिकेला जुलै २०१७ च्या आरंभी सुमारे ६४७ कोटी रुपयांचा पहिला हप्ता मिळाला आणि जकात नाके बंद झाले.

तडजोडीची किंमत

सर्वांना सामावून घेण्यासाठी कररचनेच्या सुटसुटीतपणाचा काही प्रमाणात त्याग करावा लागला. मानवी सेवनासाठीचे मद्य घटनेनेच या कराबाहेर ठेवले. कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन हे पाच पदार्थ घटनात्मकदृष्ट्या कराच्या कक्षेत आले, पण परिषद ठरवेल त्या तारखेपासून. राज्यांना त्यांवरील महसूल सोडायचा नसल्याने हा निर्णय लांबणीवर पडत गेला. इंधनावरील करांचे प्रमाण आणि करावर कर बसण्याचा जुना दोष या क्षेत्रात कायम राहिला.

दरांबाबतही असेच घडले. एका प्रमाण दराऐवजी नोव्हेंबर २०१६ मध्ये ५, १२, १८ आणि २८ टक्के असे चार दर ठरले. अन्नधान्यासारख्या अनेक वस्तू करमुक्त राहिल्या. गरिबांच्या वापरातील वस्तूंवर कमी कर असावा हा त्यामागील एक हेतू होता. विद्यमान महसूल टिकवावा हा दुसरा. वर्गीकरणाचे वाद आणि विवरणपत्रांची गुंतागुंत यांचा भार छोट्या व्यापाऱ्यांवर पडला.

संसदेतील एकमत अंमलबजावणीपर्यंत टिकले नाही. करविषयक विधेयके धन विधेयके म्हणून आणू नयेत, अशी मागणी काँग्रेसने ऑगस्ट २०१६ च्या चर्चेत केली होती; सरकारने ती २०१७ मध्ये धन विधेयके म्हणूनच मांडली, त्यामुळे राज्यसभेची भूमिका मर्यादित राहिली. ३० जून २०१७ च्या मध्यरात्री संसदेच्या केंद्रीय सभागृहात झालेल्या प्रारंभ सोहळ्यावर काँग्रेस, डावे पक्ष व तृणमूल काँग्रेस यांनी बहिष्कार घातला. काही महिन्यांतच हा कर निवडणूक प्रचाराचा विषय झाला. मात्र या टीकेचा धोरणावर परिणामही झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुवाहाटी येथील बैठकीत पावणेदोनशेहून अधिक वस्तू २८ टक्क्यांच्या दरातून खाली आणण्यात आल्या.

भरपाईचा वाद (२०२०)

तडजोडीचा पाया असलेल्या भरपाईच्या हमीची खरी कसोटी कोविड-१९ च्या साथीत लागली. टाळेबंदीमुळे करवसुली घसरली, उपकराचे उत्पन्नही आटले आणि १४ टक्के वाढीच्या गृहीतकाला आधार उरला नाही. २७ ऑगस्ट २०२० रोजी झालेल्या बैठकीनंतर केंद्राने राज्यांपुढे कर्ज काढण्याचे दोन पर्याय ठेवले. केरळ, पंजाब, पश्चिम बंगाल, छत्तीसगड आदी विरोधी पक्षांच्या राज्यांनी त्यास हरकत घेतली. भरपाई ही केंद्राची घटनात्मक जबाबदारी असून तिचे कर्ज राज्यांच्या माथी मारता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने भूमिका बदलली आणि राज्यांच्या वतीने स्वतः १.१ लाख कोटी रुपयांचे कर्ज काढून ते राज्यांना देण्याचे मान्य केले. त्याच महिन्यात पहिला हप्ता मिळालेल्या १६ राज्यांत गोव्याबरोबर, विरोधी आघाडीचे सरकार असलेला महाराष्ट्रही होता. डिसेंबरच्या आरंभापर्यंत सर्व २८ राज्यांनी ही व्यवस्था स्वीकारली. पुढील वर्षासाठी आणखी १.५९ लाख कोटी रुपये उभारण्यात आले. भरपाईची पाच वर्षांची मुदत ३० जून २०२२ रोजी संपली, परंतु कर्ज फेडण्यासाठी उपकराची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. म्हणजेच २०१६ मधील सहमतीच्या खर्चाचा एक भाग नंतरच्या ग्राहकांकडून वसूल केला गेला.

नंतरच्या घडामोडी

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी मोहित मिनरल्स प्रकरणात निकाल देताना परिषदेच्या शिफारशी संसद व विधिमंडळांवर बंधनकारक नसून त्यांचे मूल्य मार्गदर्शक स्वरूपाचे आहे, असे स्पष्ट केले. संघराज्यात केंद्र व राज्ये यांच्यातील संवाद नेहमीच सहकार्याच्या स्वरूपाचा असतो असे नाही, राजकीय प्रतिवाद हादेखील त्याचा वैध प्रकार आहे, अशी भूमिका या निकालात मांडली गेली.

३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या ५६ व्या बैठकीत मुख्य दर ५ व १८ टक्के असे दोनच ठेवण्याचा आणि निवडक ऐषारामी व अपायकारक वस्तूंसाठी ४० टक्के दराचा निर्णय झाला. बहुतेक वस्तूंसाठी तो २२ सप्टेंबरपासून लागू झाला. विरोधी पक्षांची सत्ता असलेल्या आठ राज्यांनी दरकपातीला विरोध न करता महसुली नुकसानीच्या भरपाईची मागणी केली. सत्ताधारी पक्षाने या निर्णयाचे श्रेय घेतले, तर काँग्रेसने ही आपलीच जुनी मागणी असल्याचे सांगितले.

इतर देशांशी तुलना

याच प्रकारचा कर आणताना कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांनी वेगळे मार्ग अवलंबले. कॅनडात ब्रायन मुलरोनी सरकारने १९९० मध्ये सिनेटमधील विरोध मोडण्यासाठी घटनेतील क्वचित वापरल्या जाणाऱ्या तरतुदीनुसार आठ जादा सिनेटर नेमले आणि १ जानेवारी १९९१ पासून सात टक्के कर लागू केला. १९९३ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला केवळ दोन जागा मिळाल्या. या कराला विरोध करणारा लिबरल पक्ष सत्तेवर आला, पण त्याने कर रद्द केला नाही. प्रांतांची संमती आधी मिळवली नसल्याने प्रांतांचे विक्री कर दीर्घकाळ वेगळे राहिले आणि आजही सर्व प्रांत एका व्यवस्थेत नाहीत.

ऑस्ट्रेलियात जॉन हॉवर्ड यांनी १९९८ ची निवडणूक याच प्रश्नावर लढवून जिंकली, पण सिनेटमध्ये बहुमत नसल्याने त्यांनी ऑस्ट्रेलियन डेमोक्रॅट्स या छोट्या पक्षाशी समझोता केला. मूलभूत खाद्यपदार्थ करातून वगळले गेले आणि १ जुलै २००० पासून १० टक्के कर सुरू झाला. त्याचे सर्व उत्पन्न राज्यांना दिले जाते. कॅनडात संघर्षातून कर लवकर आला, पण अपुरा राहिला. ऑस्ट्रेलियात वाटाघाटींतून तो देशभर एकसमान झाला, पण त्याची व्याप्ती आक्रसली.

मूल्यमापन

भारतातील प्रकरणाविषयी अभ्यासकांत दोन प्रकारची मते आढळतात. एका मतानुसार, पक्षीय अडवणुकीमुळे देशाची अनेक वर्षे वाया गेली आणि शेवटी हाती आलेला करही अपवादांनी भरलेला होता. दुसऱ्या मतानुसार, राज्यांच्या विरोधामुळेच भरपाईची हमी, मतांचे भारांकन आणि प्रशासनाची विभागणी या तरतुदी कायद्यात आल्या. २०११ चे विधेयक जसेच्या तसे संमत झाले असते, तर त्याला राज्यांचे मनापासून सहकार्य मिळणे कठीण होते.

या दोन्ही मतांत तथ्य आहे, कारण विरोधाचे सर्व प्रकार सारखे नव्हते. महसूल आणि अधिकार यांविषयीच्या आक्षेपांतून तरतुदींत सुधारणा झाली, तर कराशी संबंध नसलेल्या वादांवरून अधिवेशने बंद पडल्याने केवळ विलंब झाला. तडजोडीने संघर्ष संपलाही नाही. २०१९ मधील मतदान, २०२० मधील कर्जाचा वाद आणि २०२५ मधील भरपाईची मागणी यांवरून तो पुढेही चालू राहिल्याचे दिसते. मात्र तो संसदेच्या बंद पडलेल्या कामकाजातून निघून, ज्यात दोन्ही बाजूंना स्थान आहे आणि ज्याचे नियम दोघांनीही मान्य केले आहेत, अशा एका कायमस्वरूपी संस्थेत आला.